बावीस किलो चारशे

बाळ एकदाचं खांद्यावर झोपलं होतं, त्यामुळे धाकटीला धड ओरडताही येत नव्हतं. नाहीतर ती ओरडलीच असती. टेबलावर रविवारची पुरवणी पसरली होती, पुरवणीवर चहाचा कप, आणि कपाने उठवलेल्या गोल डागाशेजारी ताईचा फोटो. ताई हसत होती. तिला हसायला काय जातंय!

“आई,” धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, “हे वाचलंस?”

आई खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. “माझा चष्मा कुठे आहे?”

“डोक्यावर.”

“मग नाही वाचलं.”

एका हाताने बाळाची पाठ थोपटत, दुसऱ्या हाताचं बोट ओळींवरून फिरवत धाकटीने वाचून दाखवलं. ताईचं हे सदर दर रविवारी यायचं. लांबचं एखादं गाव, तिथली एखादी खानावळ, गाडीत भेटलेलं एखादं विक्षिप्त माणूस, आणि शेवटी हळूच लहानपणीचं घर. लोकांना ते शेवटचं फार आवडायचं म्हणे. आता या सगळ्याचं पुस्तक निघणार होतं. या रविवारी ताईने बंदरावर लिहिलं होतं. बाबा तिथला काटा तपासायला गेले, तेव्हा आपल्याला बरोबर नेलं. खोली मिळाली ती पिठाच्या गिरणीच्या वर. पहाटे गिरणी सुरू झाली की लोखंडी पलंग थरथरायचा आणि पाण्याचा पेला टेबलावरून इंच इंच सरकत थेट कडेला यायचा. मग बंदरावर बाबांनी आपल्याला त्या भल्यामोठ्या काट्यावर उभं केलं, आणि मुकादम सगळ्या हमालांना ऐकू जाईल असा ओरडला, ‘बावीस किलो चारशे! बोटीत चढवा!’

“छान लिहिते,” आई म्हणाली.

“छान? आई, अगं हे माझं आहे!”

“काय तुझं?”

“बंदर! बंदरावर मी गेले होते बाबांबरोबर. पलंग माझा हलला होता. बावीस किलो चारशे मी होते!”

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग बाळाकडे पाहिलं आणि मिटलं. “हळू बोल. उठेल ते.”

ताईचा हेवा धाकटीला काही नवा नव्हता. स्वतःपासून तिने तो कधी लपवलाही नव्हता. ताईचा पासपोर्ट मुदत संपायच्या आधी भरायचा. ताई कुठूनतरी फोन करायची आणि तिच्या मागे न कळणाऱ्या भाषेतल्या घोषणा चाललेल्या असायच्या. धाकटीच्या मागे वॉशिंग मशीन. बाळ झाल्यापासून धाकटीचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लशीचा दवाखाना. चालत बारा मिनिटं, आणि सामान मात्र ताई महिन्याभरासाठी नेते तेवढं. पण ते सगळं तिने पचवलं होतं. जग तिने ताईला देऊन टाकलं होतं. घे बाई, तुझ्या पायाला भिंगरी आहे, तुला लागतं. स्वतःला ठेवलं होतं ते एवढं एकच बंदर. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘आता स्पष्ट दिसतंय, की आधीचं बरं होतं?’ असं दिवसातून शंभरदा विचारताना तिच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे कितीदा तरी ते बंदर उभं राहायचं. ओल्या फळ्या, जाड दोर, उन्हात चकाकणारा काट्याचा पत्रा. आणि ताईने नेमका तोच घास उचलला. स्वतःचं ताट शिगोशीग भरलेलं असताना!

बाबा काटे तपासायचे. दुकानांतले, बाजारांतले, गोदामांतले. काटा खरा असला की त्यावर शिक्का मारायचा, खोटा असला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली असत, मुठीएवढ्यापासून नखाएवढ्यापर्यंत. नखाएवढी चिमट्यानेच उचलायची. बोट लागलं की घाम लागतो, घाम लागला की वजन खोटं होतं, असं ते म्हणायचे. सुट्टीत दौऱ्यावर निघाले की एका मुलीला बरोबर न्यायचे. एकीलाच, कारण दोन मुली आणि एक पेटी सांभाळायला माणसाला तीन हात लागतात. ताई मोठी, तिचा हात चिमट्यावर स्थिर, म्हणून बहुतेक वेळा ताईच. धाकटीची पाळी पुढच्या खेपेला.

पण बाबा जसे काट्याला न्यायी, तसेच मुलींना. म्हणून घरात एक नियम होता. जी जाऊन आली तिने जेवताना सगळं सांगायचं, आणि जी घरी राहिली तिने हवं तेवढं विचारायचं. “काही सोडायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही,” बाबा म्हणायचे. मग ते मधे एक शब्द बोलायचे नाहीत. धाकटी टेबलावर दोन्ही कोपरं टेकून ‘मग?’ करत बसायची. बसमध्ये शेजारी कोण होतं? मग? त्याच्या पिशवीत काय होतं? मग? उघडून नाही बघितली? का नाही बघितली? ताईच्या ताटातलं निवून जायचं, ताई रडकुंडीला यायची, पण धाकटी सोडायची नाही. पेपरातला बातमीदार परवडला.

घरी राहिलेलीने मात्र काही सांगायचं, असा नियम नव्हता. घरात काय घडणार, सांगण्यासारखं? असं बाबांना वाटायचं, ताईलाही वाटायचं. आणि आई व धाकटी ते त्यांना खुशाल वाटू द्यायच्या.

कारण बाबांची बस सुटली की या दोघी घर हलवायच्या. आई कमरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभी राहायची आणि विचारायची, “बोला, आज मुक्काम कुठे?” मग गादी ओढत ओढत स्वयंपाकघरात, टेबलाखाली, चहूबाजूंनी चादरी सोडून. दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराशी, चपला-बुटांच्या फळीला डोकं लावून. कधी कपाट भिंतीपासून सरकवून त्याच्या मागे एक गल्लीच करायची आणि गल्लीत बसून थेट पातेल्यातून खायचं. घरात असताना कधी न हसणारी आई त्या गल्लीत पोट धरून हसायची. आणि बाबा यायच्या सकाळी सगळं जागच्या जागी. फरशीवरच्या खुणा बघून बघून आई एकेक पाय टेकवायची. काट्याचा केसभर कल ओळखणाऱ्या माणसाला आपला पलंग चार बोटं सरकलाय हे जन्मात कधी कळलं नाही.

पुढे विजेचे काटे आले, बाबांना कचेरीत खुर्ची मिळाली आणि दौरे संपले. धाकटीच्या वाट्याला आलं होतं ते एवढं एकच बंदर.

ताई बुधवारी दुपारी आली. एक रात्र राहणार होती. ‘तुझ्याकडे काम आहे’ एवढंच फोनवर म्हणाली होती, आणि तीन दिवस धाकटी मनातल्या मनात तिची माफी स्वीकारायचा सराव करत होती. कधी मोठ्या मनाने, कधी अगदीच कोरडेपणाने.

“अगं, किती वाळलीस!” ताई दारातच म्हणाली.

“तू नाही वाळलीस.”

“आलीसच का अंगावर! चहा तरी पिऊ दे, मग चाव.”

आणि ते बाळ! शेजारणीने नुसतं ‘कुक’ केलं तरी घर डोक्यावर घेणारं ते बाळ हात पसरून ताईकडे झेपावलं. तिच्या गळ्यातल्या मण्यांना लोंबकळून खदाखदा हसायला लागलं. फितूर, धाकटी मनात म्हणाली. नऊ महिने मी वागवलं, दहा महिने मी जागले, आणि हिने चार मणी दाखवले की झालं.

चहा झाला. बाळ ताईच्या मांडीवर एक लाकडी चमचा चघळत होतं.

“बंदराचा लेख वाचलास का?” ताईने विचारलं.

“वाचला.”

“आणि?”

“आणि बंदरावर तू नव्हतीस.”

ताई हसली. “मग कोण होतं? तू?”

“हो. मी.”

“धाकटे, काहीतरी काय!”

“काहीतरी काय म्हणजे? मला सगळं आठवतंय. गिरणी, पलंग, पेला, मुकादम. त्या मुकादमाचा एक दात सोन्याचा होता, हे तू लिहिलंच नाहीस. का नाही लिहिलंस? कारण तू बघितलाच नाहीस!”

“त्याला दात होते की नाही हेच मला आठवत नाही.”

“बघ!”

“अगं पण गेले मीच होते. हवं तर आईला विचार.”

“विचारतेच. आई, सांग हिला.”

आई इतका वेळ बाळाची टोपी विणण्यात गुंग असल्याचं सोंग करत होती. आता सुटका नव्हती. तिने सुया खाली ठेवल्या, चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. “आकडा काय होता म्हणालात?”

“बावीस किलो चारशे,” दोघी एकदम म्हणाल्या.

“धाकटे, तू तेव्हा केवढी होतीस?”

“सहा वर्षांची. त्या सुट्टीनंतर मी शाळेत मोठ्या वर्गात गेले.”

“सहाव्या वाढदिवसाला तू सोळा किलो नऊशे भरलीस,” आई म्हणाली. “दर वाढदिवसाला बाबा तुम्हाला तोलायचे. तो आकडा मी विसरणार नाही, कारण पोर अंगच धरत नाही म्हणून मी आठवडाभर रडत होते. आता तिथून सुट्टीपर्यंतच्या तीन महिन्यांत साडेपाच किलो वाढलीस म्हणतेस, तर खाल्लंस तरी काय? पेटीतली वजनं?”

ताईला हसू आलं, पण तिने ते आवरलं.

“तुला तेव्हा गालगुंड झालं होतं, राणी,” आईचा आवाज मऊ झाला. “हे एवढाले गाल. माझा स्कार्फ बांधून फिरायचीस तोंडाभोवती. तू घरीच होतीस. माझ्याजवळ.”

दुसऱ्या कुठल्या घरात यावर आणखी तासभर भांडण झालं असतं. आठवणी काय, कुणीही कशाही सांगाव्यात. पण या घरात वजनाशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. धाकटीने डोळे मिटले आणि शेवटचा उपाय म्हणून बंदराकडे पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. फळ्या, दोर, ऊन. काट्यावर ती मुलगी उभी होती, आणि तिच्या पाठीवर दोन वेण्या होत्या. वेण्या नेहमीच होत्या तिथे. पण धाकटीचे केस आईने दहाव्या वर्षापर्यंत कानाखाली जाऊच दिले नव्हते. आणि मुलगी पाठमोरी होती. आजवर प्रत्येक वेळी पाठमोरीच दिसली होती. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

ती उठली आणि बाळाच्या बाटल्या धुवायला गेली. बाटल्या स्वच्छच होत्या. तिने त्या परत धुतल्या.

“म्हणजे मी कधी कुठे गेलेच नाही,” ती नळाला म्हणाली.

मागून ताई आली. पुसायचा रुमाल हातात, बाळ कमरेवर. बराच वेळ ती एकच बाटली पुसत राहिली. मग म्हणाली, “पलंग हलत नव्हता.”

“काय?”

“गिरणी खाली होती. पण पलंग काही हलत नव्हता. निदान मला तरी आठवत नाही. जाताना बसमध्ये मला उलट्या झाल्या, मग मी दोन दिवस नुसती झोपून होते. बाबा बिचारे काम करून यायचे आणि मला लिंबूपाणी पाजायचे. तिसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले, आणि आलो परत. उलटी, गिरणी, काटा. झालं एवढंच. घरी येऊन सांगितलं असतं तर दोन घासांत संपलं असतं. पण तू सोडतेस होय? खाली गिरणी होती म्हटल्याबरोबर तू म्हणालीस, ‘मग पलंग हलत असेल!’ मी म्हटलं, हो. ‘मग पाण्याचा पेला सरकत असेल!’ मी म्हटलं, सरकतो ना. कडेपर्यंत.”

धाकटीने नळ बंद केला. “घालायचं नाही, असा नियम होता.”

“होता ना. बाबांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, मला वाटलं आता बसते एक. पण बोलले नाहीत. खाली मान घालून जेवत राहिले.”

“बोटीत चढवा?”

“तुझंच. मुकादमाने नुसता आकडा सांगितला होता. तू म्हणालीस, ‘मग त्याला वाटलं असेल तू माल आहेस.’”

“आणि सोन्याचा दात?”

“तो मला आजच कळतोय.”

धाकटीला हसू फुटेल असं वाटलं आणि त्याच क्षणी रडूही. तिने दोन्ही गिळलं. “म्हणजे लोकांची वाहवा तुला.”

“संपादकबाई म्हणाल्या, अख्ख्या पुस्तकात तो सरकणारा पेला सगळ्यात सुंदर.”

“आणि पेला माझा.”

“तुझा.”

“मग माझं नाव घाल.”

“काय लिहू? ‘पेला: धाकट्या बहिणीच्या सौजन्याने’?”

आता मात्र दोघी हसल्या. बाळही हसलं, काही न कळता. पण धाकटीच्या हसण्याला तळाशी खडे होते. अर्धं बंदर मिळालं म्हणून काय नाचायचं? पेला आपला, तर बस त्यांची. पलंग आपला, तर बाबांच्या हातचं लिंबूपाणी तिचं. बाबांच्या हातचं दोन दिवस एकटीने लिंबूपाणी! ही तर नवीनच भर पडली होती जळायला.

“मी आले ते वेगळ्याच कामाला,” ताई म्हणाली. तिने बाळाला दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि नजर त्याच्या टोपीकडे ठेवली. “सोमवारी पुस्तक छपाईला जायचंय. बाई म्हणतात, प्रवास भरपूर आहे, पण घर कुठाय? प्रत्येक लेखाच्या शेवटी येतं, पण दारातून डोकावल्यासारखं. आत कुणी शिरतच नाही. मी लिहायला बसले, आणि अगं, मला काही आठवेना. सुट्ट्यांत मी असायचेच कुठे घरी? तुम्ही दोघी काय करायचात गं?”

“कधी?”

“आम्ही गेल्यावर.”

“काही नाही. घरात काय असणार?”

“खोटं बोलू नकोस. मी परत यायचे ना, तेव्हा तुम्ही दोघी काहीतरी वाटून खाल्ल्यासारख्या दिसायचात. मी उगाच तास तास बडबड करत असायचे आणि मधेच आई तुझ्याकडे बघून ओठातल्या ओठात हसायची. माझ्याकडे बघून ती तशी कधी हसली नाही. मला वाटायचं, आपण आलो तेच चुकलं. एवढं मीठमसाला लावून मी का सांगायचे, वाटतं तुला? तुम्ही माझ्याकडे बघावं म्हणून.”

धाकटीने ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जबडा आवळलेला, नजर बाजूला, नाकपुड्या किंचित फुगलेल्या. हा चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. रविवारी पुरवणी वाचताना खिडकीच्या काचेत दिसतो तोच. हिला हेवा वाटतो. हिला, आपला!

खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, गोड गोड वाटलं, जिभेवर कुणी खडीसाखर ठेवावी तसं. ही पळ दोन पळ थांबली पाहिजे अशी चव होती. चादरींच्या आतला तो टेबलाखालचा मुक्काम, कपाटामागची गल्ली, गालाला स्कार्फ बांधून आईच्या कुशीत ऐकलेला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. मग तिला दिसलं की हे सगळं एका रविवारी, ताईच्या फोटोशेजारी, दोन स्तंभांत बसलेलं आहे. आणि त्यावर कुणाच्यातरी कपाचा डाग.

“सांगते,” ती म्हणाली. “पण लिहायचं नाही.”

ताईने विचार केला. खरंच केला; हे धाकटीने तिच्या बाजूने मांडून ठेवलं. “असं वचन नाही देता येणार,” ती शेवटी म्हणाली. “ऐकलं की ते कुठेतरी उतरणारच. मी नको म्हटलं तरी.”

“मग राहू दे.”

“अगं, पण...”

“राहू दे म्हटलं ना. बाळाला दे इकडे, भूक लागलीय त्याला.”

बाळाला काही भूक लागली नव्हती. पण ते शहाण्यासारखं रडलं.

संध्याकाळी ताई अंघोळीला गेली तेव्हा आई धाकटीच्या खोलीत आली आणि बाळाच्या घड्या घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालायला लागली. तिला काही बोलायचं असलं की ती असंच करायची.

“सांगितलं असतंस तर झिजली असतीस?”

“हो,” धाकटी म्हणाली.

“बहीण आहे ती.”

“म्हणूनच. परक्या बाईला सांगितलं असतं.”

“त्यातलं अर्धं माझं आहे म्हटलं. माझं अर्धं मी सांगू का तिला?”

“आई!”

“नाही सांगत गं. ओरडू नकोस.” आईने एक इवलासा सदरा मांडीवर पसरला, बाह्या आत दुमडल्या. “बाबांना सांगावंसं मला तरी कुठे वाटलं कधी? मला पण जायचं असायचं. दर खेपेला असायचं. निरोप द्यायला थांब्यावर जायची मी तुला घेऊन, आणि ती पेटी बघायची. कशी ऐटीत खिडकीशी बसायची बाबांच्या मांडीवर. पेटीला जागा होती, तुझ्या ताईला होती. मला कुणी विचारलंच नाही. परत घरी आले की त्या चार भिंती अशा अंगावर यायच्या... म्हणून मग ढकलायचं काहीतरी. पलंग म्हणा, कपाट म्हणा. तुला मजा वाटायची, ते माझं नशीब.”

आजवर तिला वाटत होतं, तो खेळ आईने तिच्यासाठी काढला होता. ती आईच्या शेजारी सरकून बसली आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या दोघींनी मिळून मोडल्या आणि परत घातल्या.

सकाळी ताईला सोडायला धाकटी थांब्यापर्यंत गेली. बाळ कडेवर. रस्त्यात दोघी हवेबद्दल बोलल्या, बाळाच्या दातांबद्दल बोलल्या, धाकटीचं दुकानातलं काम पुढच्या महिन्यात परत सुरू होणार, तेव्हा आई एकटी बाळाला कसं सांभाळणार, त्याबद्दल बोलल्या. बस समोरून येताना दिसली तेव्हा ताई म्हणाली, “पुस्तकातून पेला काढू का?”

“नको. पेला राहू दे. चांगला आहे.” धाकटीने जरा विचार केला. “‘बोटीत चढवा’ काढ. ते मला हवंय.”

“पण पेपरात छापून आलंय ते.”

“पेपर काय, रद्दीत जातो. पुस्तकातून काढ.”

“त्याच्याशिवाय शेवट लंगडा पडेल गं.”

“पडू दे.”

ताईने तिच्याकडे पाहिलं, आणि मोठ्या बहिणी जन्मात दोन-तीनदाच करतात ते केलं. मान हलवून म्हणाली, “बरं. काढते.” मग बाळाचा गालगुच्चा घेतला आणि बसमध्ये चढली. खिडकीशी जागा मिळाली. मिळणारच, ताईला खिडकी मिळाली नाही असं कधी झालंय? बसल्याबरोबर तिने काच खाली केली आणि बाहेर हात काढून हलवायला लागली, आणि तिचा तो खिडकीतला चेहरा, कुठेतरी निघालेल्या माणसाचा तो उजळ चेहरा बघून धाकटीची ती जुनी असूया पुन्हा जागी झाली. जशीच्या तशी. रात्रभरात तिचं वजन गुंजभरही कमी झालं नव्हतं.

चालकाने दार लावून घेतलं. बस हलली.

धाकटी दोन पावलं बसबरोबर चालली, बाळाला सावरत. “ताई!”

“काय गं?”

“तुम्ही गेलात ना, की आम्ही तरी कुठे घरात राहायचो!”

ताईचा हात हवेतच थांबला. “म्हणजे? कुठे जायचात?” ती खिडकीतून अर्धी बाहेर आली. “धाकटे! मग?”

बसने वेग घेतला होता. ताईचं तोंड अजून हलत होतं, पण आता काही ऐकू येत नव्हतं. मागचा कुणीतरी प्रवासी तिला आत ओढून काच लावायला सांगत असावा. धाकटीने बाळाचा हात मनगटाशी धरून टाटा केला. बाळाला ते आवडलं, म्हणून आणखी केला.

बस कोपऱ्यावर वळायच्या आत धाकटीच्या खिशातला फोन वाजायला लागला. बाळाने त्या आवाजाकडे मान वळवली आणि मग आईकडे पाहिलं.

“वाजू दे,” धाकटी म्हणाली, आणि सावकाश घराकडे चालायला लागली.